कानाची साक्ष

न्यूयॉर्कहून आगगाडीने नैर्ऋत्येकडे निघालेला प्रवासी मेट्रोपार्क नावाच्या स्थानकावर उतरला, म्हणजे तो न्यू जर्सी संस्थानातील आयसेलिन या गावी पोहोचतो. आणि तेथून ओक ट्री रोडला येऊन साड्यांची, सोन्याची, मिठाईची व वाणसामानाची दुकाने न्याहाळीत पायी फिरू लागला, म्हणजे आपण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहोत की दादरच्या रानडे रस्त्यावर, असा संभ्रम त्याला घटकाभर तरी पडल्यावाचून राहत नाही. या गर्दीतून वाट काढणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना याची वार्ता असते की, येथून मैल-दोन मैलांच्या आतच मेन्लो पार्क हे ठिकाण आहे, जेथे टॉमस अल्वा एडिसनने १८७७ सालच्या अखेरीस कथलाच्या वर्खावर एक बालगीत म्हणून दाखविले आणि यंत्राने ते त्याला परत म्हणून दाखविले. प्रयोगशाळा आता तेथे नाही. तिचे उरलेसुरले अवशेष हेन्री फोर्डने मिशिगनात नेऊन १९२९ साली तेथे तिची पुन्हा उभारणी केली. मूळ जागी १९३८ साली खुला झालेला एक उंच मनोरा आणि लहानसे संग्रहालय तेवढे आहे, आणि ज्या नगरप्रदेशात ते मोडते त्याने १९५४ साली आपले जुने रॅरिटन हे नाव टाकून एडिसन हे नाव धारण केले आहे.

ध्वनिमुद्रणाच्या या जन्मभूमीच्या शेजारी राहणाऱ्या माणसांनी अमुक तबकडीयंत्राचा आवाज सरस की तमुकाचा, या वादात पडावे, हे तसे पाहिले तर स्थानमाहात्म्याला धरूनच झाले. आमचे एक वडीलधारे स्नेही आहेत, ज्यांना येथील सारी मराठी मंडळी बापूसाहेब म्हणतात. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी एक परदेशी बनावटीचा सीडी प्लेअर घेतला, जो उचलायला दोन माणसे लागत आणि ज्याची किंमत त्यांनी घरात कधीच खरी सांगितली नाही. माझ्यापाशी १९८० नंतरच्या दशकातला एक जुना प्लेअर होता. आणि मुलांच्या चित्रपटांसाठी आणलेला चाळीस डॉलरांचा एक डीव्हीडी प्लेअरही होता, तो सीडी वाजवीत असे. बापूसाहेबांचे म्हणणे असे की, त्यांच्या यंत्रावर तंबोऱ्याची जवारी केसाकेसाने सुटी ऐकू येते, माझ्या जुन्या यंत्रावर ती गोधडीखालून येते, आणि डीव्हीडी प्लेअरबद्दल बोलण्याचे कारणच नाही. माझे म्हणणे असे की, तिन्ही सारखेच वाजतात. हा दावा आमच्या तळघरात दोन हिवाळे चालला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत मला या विषयातले पुष्कळ काही वाचावे लागले.

पहिली गोष्ट कळली ती ही की, हा तंटा नवा नाही. एडिसनने १९१२ साली हिऱ्याच्या सुईने वाजणारी जाड तबकडी बाजारात आणली. आणि १९१५ पासून पुढे दहा वर्षे गावोगावच्या सभागृहांतून त्याच्या कंपनीने या तबकडीच्या ज्या जाहीर परीक्षा मांडल्या, त्यांना ‘टोन टेस्ट’ म्हणत. रंगमंचावर गायिका उभी राही, तिच्याशेजारी यंत्र असे. दोघेही तेच गीत गात, मध्येच गायिका ओठ मिटून घेई आणि तबकडी एकटीच गात राही. दिवे मालवले जात, आणि ते पुन्हा लागत तेव्हा गायिका केव्हाच निघून गेली असून केवळ पेटीच गात आहे, हे पाहून प्रेक्षक थक्क होत. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड हिच्यासमवेत असा प्रयोग झाला. या प्रयोगांतली दुसरी नामांकित गायिका ॲना केस ही तर न्यू जर्सीचीच. तिने उतारवयात सरळ कबुली दिली की, आपण यंत्राच्या आवाजासारखा आवाज लावीत होतो, म्हणून लोकांना भेद कळत नव्हता. नक्कल अस्सलाला मिळती आहे की नाही याची परीक्षा चालली आहे, अशा समजुतीने लोक बसलेले, आणि अस्सलच नकलेला मिळते करून घेतले जात होते! एवढ्यावरून त्या श्रोत्यांना भोळे ठरविणे अन्यायाचे होईल; कारण कानाला जे ऐकायला सांगून ठेवावे ते तो ऐकतो, हा दोष त्यांच्याइतकाच तुमच्या-आमच्या कानांचाही आहे. आणि या साऱ्या खटाटोपावर निवाडा देणारा एडिसन स्वतः इतका कमी ऐकत असे की, यंत्राच्या लाकडी पेटीला दात लावून तो तिची कंपने हाडांतून कानापर्यंत पोहोचवी.

आता सीडीचा प्रकार गुणतःच वेगळा आहे. ग्रामोफोनच्या तबकडीत आवाजाची वळणे प्रत्यक्ष खोदलेली असतात, त्यामुळे सुईची थरथर, मोटरची घरघर, धुळीचा कण, जे काही तेथे घडेल ते सारे गाण्यात उतरते. सीडीवर आवाज नसतो. आवाजाचा हिशेब असतो. हवेच्या दाबाची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणत्या तरी एका पायरीवर बसवायची, आणि तो आकडा सोळा बिटांत लिहायचा. डावा व उजवा असे दोन भाग धरले तर सेकंदाला १४,११,२०० बिटे होतात. ४४,१०० हा आडनिडा आकडा कोठून आला, असे कोणीही विचारील. त्याची हकीकत अशी की, हे अंक साठविण्यासाठी सत्तरच्या दशकात दूरचित्रवाणीच्या फितीची यंत्रेच काय ती उपलब्ध होती. त्यांच्या चित्रातील दर ओळीत तीन मोजण्या, दर चित्रखंडात २४५ उपयोगी ओळी आणि सेकंदाला ६० चित्रखंड, यांचा गुणाकार करून पाहावा. संगीताच्या जगाने दूरचित्रवाणीकडून घेतलेले हे उसने अजून फिटलेले नाही.

एवढ्या मोजण्या पुरतात का, हा प्रश्न भावनेचा नसून गणिताचा आहे, आणि त्याचे उत्तर बेल टेलिफोन प्रयोगशाळांकडून आले, ज्यांचे मोठे आवार आयसेलिनहून मोटारीने अर्ध्या तासाच्या वाटेवर मरे हिल येथे आहे. हॅरी नायक्विस्टने १९२८ साली तारायंत्राच्या संदर्भात ज्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅननने १९४९ साली ज्याची सिद्धता मांडली, त्या प्रमेयाप्रमाणे ज्या कंपनांची संख्या मोजणीच्या वेगाच्या निम्म्याहून कमी आहे, ती सारी त्या मोजण्यांतून परत उभी करता येतात. अंदाजे नव्हे, तर तंतोतंत. सीडीच्या बाबतीत ही मर्यादा सेकंदाला २२,०५० कंपनांची आहे, आणि निरोगी तरुण कानाची धाव सुमारे २०,००० पर्यंत. बापूसाहेबांच्या व माझ्या वयाच्या कानांची धाव किती, ते येथे नमूद न करणेच बरे. दोन मोजण्यांच्या मधला आवाज ‘हरवतो’ आणि म्हणून सीडीचा स्वर पायऱ्यापायऱ्यांचा असतो, हा जो समज शिकल्यासवरल्या माणसांतही आढळतो, त्याला काहीएक आधार नाही.

तबकडी वाचण्याची क्रियाही सांगण्यासारखी आहे. १.६ मायक्रोमीटर अंतरावर वळसे घेत जाणारी ही रेषा आतून बाहेर जाते आणि उलगडली तर पाच किलोमीटरहून अधिक भरेल. तिच्यावरील खळगे ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण चाचपीत जातो, आणि रेषेचा वेग सारखा राहावा म्हणून तबकडी आरंभी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते ती कडेला येईतो २०० वर येते. या कामात चुका व्हायच्याच, हे कर्त्यांनी गृहीतच धरले आहे. तबकडीवर सेकंदाला ७,३५० चौकटी असतात, आणि त्यांतील २२० पर्यंत सदोष निघाल्या तरी तबकडी प्रमाणित समजावी, असा नियम आहे! मग गाणे शुद्ध कसे येते? इर्व्हिंग रीड व गुस्टाव्ह सॉलोमन या दोघा गणितज्ञांनी १९६० साली शोधलेल्या संकेतपद्धतीमुळे. दर चोवीस अक्षरांमागे आठ साक्षीदार अक्षरे जोडायची, आणि ती सारी शंभराहून अधिक चौकटींवर अशी विखरून टाकायची की, एका जागी ओरखडा पडला तरी कोणत्याही एका समुच्चयातील थोडीच अक्षरे जावीत. आपल्याकडच्या वैदिकांनी पदपाठावरून क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ रचून प्रत्येक शब्द पुढच्या-मागच्या शब्दांशी उलटसुलट गुंफून ठेवला, त्यामागची बुद्धी हीच होती; एखाद्या घनपाठ्याचे एक पद चुकले तर शेजारची पदेच त्याला पकडून देतात. अडीच मिलिमीटर लांबीचा तुटवडा सीडी या रीतीने अक्षरशः भरून काढते, त्याहून अधिक असेल तर आधीच्या व नंतरच्या आकड्यांवरून मधला अंदाजाने बसविते, आणि तेही साधले नाही तर गप्प राहते किंवा खडखडते.

यातून जो निष्कर्ष निघतो तो पुष्कळांना रुचत नाही. खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाचे हस्ताक्षर मोत्यासारखे असो की मुंग्यांच्या रांगेसारखे असो, आकडा वाचता आला की रक्कम तीच राहते. जड पोलादी पेटीतल्या यंत्राने वाचलेले ‘सात’ हे चाळीस डॉलरांच्या यंत्राने वाचलेल्या ‘सात’पेक्षा अधिक मधुर नसते. हे आकडे नेमक्या वेळी पुढे जावेत यासाठी ते आधी एका स्मृतिकोशात साठवून स्फटिकाच्या घड्याळाच्या ठोक्यावर सोडले जातात, त्यामुळे तबकडीची डळमळ तेथेच थबकते. १९९० च्या सुमारास तबकडीची कड हिरव्या शाईने रंगविली असता आवाज गोड होतो, अशी एक आवई उठली होती आणि सुज्ञ म्हणविणाऱ्यांनीही दौती-कुंचले आणले होते; त्यांना खतावणीचे हे साधे तत्त्व कोणी सांगितले नसावे.

भेद जर कोठे असलाच तर तो आकड्यांचे पुन्हा विद्युत्प्रवाहात रूपांतर होते तेथे असावयाचा, आणि आरंभीच्या काळात तो खरोखरच होता. सोनी व फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचे मानक ठरविले, पण यंत्रे मात्र निरनिराळ्या वाटांनी बांधली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात १,६८,००० येनांना विक्रीस आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये सोळा बिटांचा एकच परिवर्तक होता, आणि तो डाव्या व उजव्या बाजूंचे काम आळीपाळीने करीत असे. त्यामुळे एक बाजू दुसरीच्या मागे सुमारे अकरा मायक्रोसेकंद राही. हे ऐकून ज्याचा ऊर दडपेल त्याने एवढेच लक्षात घ्यावे की, एक स्पीकर चार मिलिमीटर मागे सरकविला तरी तितकाच विलंब होतो. फिलिप्सपाशी चौदा बिटांचा परिवर्तक तयार होता, सोळांचा नव्हता. म्हणून त्यांनी मोजण्यांच्या मध्ये गणिताने नव्या मोजण्या घालून वेग चौपट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० केला, आणि गोंगाट कानाच्या आवाक्यापलीकडे ढकलून चौदांकडून सोळांचे काम करवून घेतले. या युक्तीचा दुसरा लाभ असा की, २२,०५० च्या वरची अनिष्ट कंपने अडविण्यासाठी सोनीला जी कड्यासारखी उभी चाळणी लावावी लागली, तिच्याऐवजी फिलिप्सला उताराची सौम्य चाळणी पुरली. अडचणीतून निघालेली ही तोडच पुढे सर्वांनी उचलली. दशक संपता संपता एकाच बिटावर चालणारे अतिवेगवान परिवर्तक आले, किमती कोसळल्या, आणि पूर्वी ज्यासाठी प्रयोगशाळा लागे ते काम काही डॉलरांची एक चिप करू लागली.

हे सारे मी बापूसाहेबांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “तुमचं गणित बरोबर असेल हो, पण मला ऐकू येतं त्याचं काय?” हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर ग्रंथात नसून तळघरातच शोधायचे होते.

परीक्षेची रीत १९८२ साली अमेरिकेतील ध्वनिअभियंत्यांनी प्रसिद्ध केली होती: अ आणि ब अशी दोन यंत्रे, आणि क्ष म्हणजे त्या दोहोंपैकी गुपचूप निवडलेले एक, क्ष हा अ आहे की ब, ते श्रोत्याने केवळ ऐकून सांगावे. त्यासाठी दोन यंत्रांत एकच तबकडी एकाच क्षणी चालली पाहिजे, म्हणजे दोन प्रती हव्यात. ओक ट्री रोडवरच्या एका दुकानात मी एका मैफलीच्या सीडीच्या दोन प्रती मागितल्या, तेव्हा दुकानदाराने एक लग्नाच्या आहेरासाठी का, असे विचारून एकीला चकचकीत कागदही लावून दिला. तबकडी मैफलीची निवडण्याचे कारण असे की, तिच्या आरंभी मिनिटभर नुसता तंबोरा होता, आणि यंत्राची कसोटी घ्यायला तंबोऱ्यासारखे दुसरे वाद्य नाही. घोडीच्या रुंद, किंचित वक्र पाठीवर तार टेकते-उचलते व त्यातून वरच्या स्वरांशांची अखंड झड लागते. तार छेडण्याच्या जागी ज्या स्वरांशांचे स्थिरबिंदू पडतात तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, एरवी येऊ नयेत, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ सालीच दाखवून दिले होते. गोधडीचा आरोप खरा असेल तर तो येथेच शाबीत व्हायला हवा.

पहिल्या दिवशी बापूसाहेबांनी सोळांपैकी चौदा वेळा आपले यंत्र बरोबर ओळखले. नुसत्या नाणेफेकीने सोळांत चौदा किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव हजारात दोन इतकाच आहे. मी निरुत्तर झालो, आणि बापूसाहेबांनी त्या रात्री जिलब्या मागविल्या. मात्र झोपेत माझ्या ध्यानात आले की, आवाजाची पातळी मोजायची राहिलीच. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या तबकडीवरचा १०० कंपनांचा सूर लावून मल्टिमीटरने पाहिले (साध्या मल्टिमीटरवर याहून उंच स्वरांत भरवसा ठेवू नये), तर माझे यंत्र २.० व्होल्ट देत होते आणि त्यांचे २.३. हा फरक सव्वा डेसिबलाच्या आसपास आहे. एवढ्या फरकाची मौज अशी की, तो ‘मोठा’ म्हणून ऐकूच येत नाही. तो ‘स्वच्छ’, ‘सुटा’, ‘जिवंत’ म्हणून ऐकू येतो, आणि विक्रेत्यांना हे फार वर्षांपासून ठाऊक आहे. मी त्यांच्या यंत्रापुढे एक लहानसा पोटेन्शिओमीटर बसवून दोन्ही काटे जुळविले. त्यानंतरच्या सोळा फेऱ्यांत बापूसाहेबांचे सात बरोबर आले. डीव्हीडी प्लेअरशी गाठ घातली तेव्हा नऊ. माझे स्वतःचे दोन्ही वेळा आठ.

एका तळघरातल्या चार म्हाताऱ्या कानांवरून शास्त्र ठरत नाही, हे मान्य. परंतु २००७ साली मेयर व मोरान या दोघांनी अमेरिकेच्या ध्वनिअभियांत्रिकी संस्थेच्या नियतकालिकात आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत याहून कडक कसोटी होती: एसएसीडी व डीव्हीडी-ऑडिओ या वरच्या दर्जाच्या तबकड्यांचा आवाज एकदा तसाच आणि एकदा सीडीच्या मापात कोंबून ऐकविला; ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्मी. न्याय दोन्ही बाजूंनी करायचा तर हेही सांगितले पाहिजे की, २०१६ साली अशा अठरा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडणाऱ्या जोशुआ राइस यांना बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ आढळले. निव्वळ योगायोगाने ते समजावून सांगता येत नाही, हे खरे. पण अडीच टक्क्यांहूनही कमी अशा फरकावर जो माणूस महिन्यांचे वेतन ओततो, त्याने जाहिरातीतले ‘स्वर्गीय’ हे विशेषण तरी परत करावे.

यंत्रायंत्रांत फरक नसतोच, असे मात्र यावरून कोणी समजू नये. मुंबई-पुण्याहून बॅगांत कपड्यांच्या घड्यांमधून आलेल्या, ओरखडलेल्या तबकड्या माझे जुने यंत्र मुकाट्याने वाजवीत असे, त्याच तबकड्यांवर ते पोलादी धूड अडखळे. उलट घरी संगणकावर जाळून केलेल्या प्रती, ज्यांचे परावर्तन कमी असते, त्या माझ्या यंत्राला दिसतच नसत आणि डीव्हीडी प्लेअर मात्र काहीही पुढे ठेवा, वाजवी. शांत रात्री मोटरचा आवाज कोणाचा किती येतो, कळफलक नीट चालतो का, कप्पा किती वर्षे उघडेल, हे भेद खरे आहेत व पैसे मोजण्याजोगेही आहेत. आणि या सर्वांहून मोठा भेद असतो तो तबकडीवर काय लिहिले आहे याचा. त्याच गायकाच्या त्याच ध्वनिमुद्रणाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात: जुन्या आवृत्तीत खरखर राहू देऊन आवाज राखलेला असतो, नवीत खरखरीबरोबर जवारीही खरवडून काढलेली असते आणि उरलेला आवाज इतका फुगविलेला असतो की, कुजबूज आणि आरोळी एकाच उंचीला येतात. साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांवरून सीडीवर उतरलेल्या बालगंधर्वांच्या पदांची अशी दशा मी ऐकली आहे. तो भेद ओळखायला नाणेफेक लागत नाही.

राहता राहिली आमच्या घरची तिसरी साक्ष. कळ फिरविण्याचे व कागदावर अ की ब ते लिहिण्याचे काम आमच्या सौभाग्यवतीकडे होते. ती लग्नाआधी काही वर्षे गाणे शिकली होती, पण परीक्षेत भाग घ्यायला तिने साफ नकार दिला होता. शेवटची फेरी संपली, बापूसाहेब कागदावरचे सात पुन्हा पुन्हा मोजू लागले, तेव्हा तिने कळ खाली ठेवली व म्हणाली, “तुम्हा दोघांना एक विचारू का? तंबोऱ्याची पंचमाची तार उतरली आहे, तिन्ही मशिनांवर. ती कोणालाच कशी ऐकू आली नाही?”

आम्ही पुन्हा तबकडी लावली. तार खरोखरच उतरलेली होती. बापूसाहेबांपाशी त्या मैफलीची एक जुनी प्रत सहा वर्षे होती.